विश्लेषण : दहावीचं वर्ष आणि साखळीतलं घर, पालकांच्या हातात नेमकं काय आहे?

साखळी : फेब्रुवारी उजाडला की साखळी बाजारातलं संध्याकाळचं चित्र बदलतं. बसस्थानकावर दप्तर पाठीला लावलेली पोरं दिसतात, पण ती शाळेतून घरी निघालेली नसतात, ट्यूशनला निघालेली असतात. भाजी घेताना दोन आया भेटल्या की पहिला प्रश्न "पोर्शन संपला काय गो?" आणि दुसरा "ट्यूशन कुठे लावलीय?" तिकडे दोडामार्गात, सावंतवाडीत, बांद्यात बोर्ड वेगळं, पुस्तकं वेगळी, पण प्रश्न तेच. खानापूर-बेळगावकडे एसएसएलसी म्हणतात, एवढाच काय तो फरक.

या सगळ्या घरांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. मुलाच्या परीक्षेची धास्ती मुलापेक्षा पालकांनी जास्त घेतलेली असते आणि तरीही आपण नक्की काय करायचं ते त्यांना कोणी सांगत नाही. शाळेच्या सभेत "मुलांकडे लक्ष द्या" एवढं ऐकायला मिळतं. लक्ष द्यायचं म्हणजे शेजारी बसून राहायचं, मोबाईल काढून घ्यायचा की आणखी एक ट्यूशन लावायची? गेल्या दोन वर्षांत गोव्यातलं वेळापत्रक आणि अभ्यासाची रचना दोन्ही हलली आहेत, त्यामुळे हा प्रश्न जास्तच टोकदार झाला आहे.

टक्क्यांचा बाऊ

आधी निकालाचे आकडे नीट बघायला हवेत, कारण घरातले निम्मे वाद तिथून सुरू होतात.

गोवा बोर्डाचा दहावीचा निकाल 2024 मध्ये 92.38 टक्के लागला, 2025 मध्ये 95.35 टक्के. महाराष्ट्रात 2025 चा निकाल 94.10 टक्के आणि त्यात कोकण विभाग 98.82 टक्क्यांवर. स्वतंत्र विभाग झाल्यानंतरच्या 2012 च्या पहिल्या परीक्षेपासून कोकण राज्यात वरच राहिला आहे. सिंधुदुर्गातल्या पालकांना याचा अभिमान आहे आणि तो असावाही.

पण हाच टक्का कसा वरखाली होतो ते पाहा. महाराष्ट्राचा दहावीचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के होता. 2019 मध्ये तो एकदम 77.10 वर आला आणि 2020 मध्ये 95.30 वर गेला. तीन वर्षांत मुलांची बुद्धी आधी घसरली आणि मग वाढली, असं काही झालं नाही. 2019 ला भाषा विषयांचे तोंडी-अंतर्गत 20 गुण काढले होते, पुढच्या वर्षी ते परत आणले. 2020 ला कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि त्याचे गुण सरासरीने दिले, तो भाग वेगळाच. 2021 ला परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला 99.95 टक्के.

म्हणजे टक्का ठरवण्यात नियमांचा वाटा मोठा असतो. त्यामुळे "तुझ्या ताईला 91 होते", "आमच्या वेळी फर्स्ट क्लास म्हणजे केवढं होतं" ही तुलना मुळातच चुकीच्या मापाने होते. दोन वेगळ्या वर्षांचे, दोन वेगळ्या बोर्डांचे गुण एका तराजूत घालता येत नाहीत. साखळीतल्या मुलाची दोडामार्गच्या मावसभावाशी तुलना तर अजिबात करता येत नाही.

वरच्या टक्क्याची दुसरी बाजूही आहे. 100 पैकी 95 मुलं पास होतात तेव्हा उरलेली पाच फार एकटी पडतात. गोव्यात दहावीला साधारण 18 ते 19 हजार मुलं बसतात. त्यातले पाच टक्के म्हणजे आठ-नऊशे घरं. पूर्वी निकाल 50-60 टक्के लागायचा तेव्हा वाड्यावर चार जण नापास असायचे, पुन्हा बसायचे, गोष्ट संपायची. आता वाड्यावर एकच मूल मागे राहतं आणि सगळ्यांच्या डोळ्यांत येतं.

वेळापत्रक हललं, घर तिथेच

गोव्यात 2024 मध्ये दहावीची परीक्षा एप्रिलमध्ये झाली आणि निकाल मे महिन्याच्या मध्यावर लागला. 2025 मध्ये परीक्षा 1 मार्चला सुरू झाली आणि निकाल 7 एप्रिलला हातात आला. एका वर्षात सगळं महिनाभर पुढे सरकलं. त्याच एप्रिलपासून वरच्या वर्गांचं नवीन शैक्षणिक वर्ष सुरू करण्यात आलं. उन्हाळ्यात वर्ग भरवू नयेत म्हणून काही पालक कोर्टापर्यंत गेले, पण निर्णय टिकला. नववीचं दप्तर खाली ठेवायच्या आतच दहावीचं उचलावं लागलं.

याच काळात नवीन शैक्षणिक धोरणानुसार रचना बदलली. 2024-25 मध्ये ती नववीला आली आणि तीच मुलं पुढे दहावीला गेली. कौशल्याचे विषय, कला, शारीरिक शिक्षण यांना जागा मिळाली. कल्पना चांगली, पण मोठ्या भावंडांच्या वह्या आणि जुन्या प्रश्नपत्रिका यांवर घरं चालत होती, तो आधार कमी झाला. महाराष्ट्रात 2025 पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला, म्हणजे गावातल्या ज्युनिअर कॉलेजात जाऊन नाव घालायचं ही सवयही मोडली.

पालकांचं पहिलं काम इथे आहे आणि ते साधं आहे : माहिती वेळेवर आणि खात्रीच्या ठिकाणाहून घ्यायची. व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेलं "बोर्डाचं नवीन पत्रक" खरं की खोटं ते वर्गशिक्षकांना विचारायचं. परीक्षेचं वेळापत्रक, अंतर्गत गुणांच्या तारखा, कोणता प्रोजेक्ट कधी द्यायचा हे एका कागदावर लिहून फ्रिजवर किंवा भिंतीवर लावायचं. दहावीतल्या मुलाला अभ्यास झेपतो, पण दहा तारखा डोक्यात ठेवून अभ्यास करणं अवघड जातं. ते ओझं घराने उचलावं.

"मला इंग्लिश येत नाही, मी काय शिकवू?"

डिचोली, पेडणे, सत्तरीतल्या कित्येक घरांची खरी अडचण ही आहे. सरकारी प्राथमिक शाळा मराठीतून किंवा कोकणीतून, आणि पाचवीपासून हायस्कूल बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून. आई-वडील मराठीतून शिकलेले, कोणी सातवीपर्यंत, कोणी दहावीपर्यंत. मुलाचं सायन्सचं पुस्तक उघडलं की पहिल्याच पानावर हात टेकावे लागतात. त्यातून अपराधीपणा येतो आणि तो बुजवायला ट्यूशनवर ट्यूशन लावली जाते.

इथे एक जुना प्रयोग कामाला येतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एकच उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचला आणि तीन वेळा पुस्तक न बघता आठवून लिहिला. आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना साधारण 40 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना साधारण 61 टक्के. गंमत म्हणजे आपल्याला जास्त येतं असा विश्वास वाचणाऱ्यांनाच जास्त होता. "सगळं वाचलंय गो आई" असं मूल सांगतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं. त्याला खरंच तसं वाटत असतं.

मग आईने काय करायचं? भाकरी थापताना किंवा मासे साफ करताना मुलाला समोर बसवायचं आणि म्हणायचं, "पुस्तक मीट आणि आज काय शिकवलं ते मला सांग. मराठीतून सांग, मला कळेल असं." फोटोसिंथेसिस म्हणजे झाड उन्हावर आपलं जेवण कसं करतं, हे मूल मराठीतून सांगू शकलं तर त्याला ते समजलंय. अडखळलं तर कुठे अडखळलं ते त्याचं त्यालाच कळतं. आईला उत्तर माहीत असण्याची गरज नाही. "मग पुढे काय झालं?", "हे असं का?" एवढं विचारलं तरी पुरे. नंतर तेच उत्तर त्याने इंग्रजीतून लिहून काढायचं, कारण पेपरात ते इंग्रजीतच लिहावं लागणार आहे. दिवसाला पंधरा मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत.

सीमेपलीकडे मराठी माध्यमाच्या शाळांमध्ये भाषेची ही भिंत कमी आहे, पण सेमी-इंग्रजीमुळे गणित-विज्ञानाला तीच अडचण येते. बेळगाव-खानापूरच्या मराठी मुलांना त्यात कन्नडची भर. उपाय मात्र तिन्हीकडे सारखाच लागू पडतो.

पहाटेचा गजर आणि रात्रीचे बारा

पहाटे उठून अभ्यास करणारं मूल आपल्याकडे शहाणं मानलं जातं. पहाट चांगलीच, पण हिशोब पूर्ण करायला हवा. ट्यूशन आठला सुटते, जेवण साडेनऊला होतं, मग बारापर्यंत अभ्यास आणि साडेचारला गजर. झोप झाली साडेचार तास. 13 ते 18 वर्षांच्या मुलांना दिवसाला 8 ते 10 तास झोप लागते, असं झोपेचे तज्ज्ञ डॉक्टर सांगतात. या वयात शरीराचं घड्याळच थोडं पुढे सरकलेलं असतं, त्यामुळे मुलांना रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी डोळे उघडत नाहीत. त्याला सरसकट आळस म्हणणं बरोबर नाही. शिवाय दिवसभर शिकलेलं मेंदू पक्कं करतो ते झोपेत. झोप कापून केलेला अभ्यास म्हणजे भोकाच्या बालदीत पाणी भरण्यासारखं.

घराने एवढं ठरवावं : पेपरांच्या महिन्यात दहा-साडेदहाला घरातले दिवे मंद होतील, टीव्ही बंद होईल आणि मोबाईल सगळ्यांचेच बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लागतील. बाबा सोफ्यावर रील बघत बसलेले आणि मुलाचा मोबाईल तेवढा कपाटात, हा न्याय पंधरा वर्षांच्या मुलाला पटत नाही आणि पटावा तरी का?

यात शिगमोचा प्रश्न येतोच. परीक्षा मार्चमध्ये आली म्हणजे ढोल-ताशे आणि पेपर एकाच वेळी. जे मूल लहानपणापासून मांडावर ढोल वाजवतं, त्याला महिनाभर कोंडून ठेवलं तर ते पुस्तकासमोर बसेल, पण कान बाहेरच राहतील. दुसऱ्या दिवशी पेपर नसेल तर एक संध्याकाळ मांडावर जाऊन यावं आणि ठरल्या वेळी परतावं, असा करार जास्त टिकतो. गावानेही थोडा हात आखडावा. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, सणाची सवलत ठरावीक दिवसांपुरतीच मिळते. वाड्यावर दहावी-बारावीची किती मुलं आहेत ते मंडळाला माहीत असतं. आवाज थोडा खाली आणला तर देव रागावत नाही.

"नाहीतर ट्रकावर जाशील"

या भागातल्या पालकांच्या तोंडी असलेली वाक्यं कुठून येतात, तेही समजून घ्यायला हवं. साखळी, पाळी, आमोणा, नावेली, वेळगे या पट्ट्यातली कित्येक घरं खाणीवर, ट्रकांवर, बार्जींवर उभी राहिली. 2012 मध्ये खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, 2018 मध्ये परत बंद पडल्या. कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात गंजताना ज्या मुलांनी लहानपणी पाहिले, तीच आज दहावी-बारावीला आहेत. अलीकडे काही खाणी पुन्हा चालू झाल्या, पण पूर्वीचा भरवसा परतलेला नाही. अशा बापाला मुलाचे गुण म्हणजे एकच खात्रीची गोष्ट वाटते. दोडामार्गातून रोज गोव्यात कामाला येणाऱ्या बापालाही तसंच वाटतं. "नाहीतर ट्रकावर जाशील" या वाक्यात त्याची स्वतःची भीती असते.

मुलाला मात्र त्यात भीती ऐकू येत नाही, तिरस्कार ऐकू येतो. शिवाय ट्रक चालवूनच बापाने घर चालवलं, हेही त्याला माहीत असतं. म्हणून भीती असेल तर ती भीती म्हणूनच सांगितलेली बरी : "माझी खूप ओढाताण झाली, तुझी होऊ नये असं वाटतं, म्हणून मी मागे लागतो." एवढं बोलायला बापाला जड जातं, पण मूल ऐकतं.

पेपर सुटल्यावर गेटवरच "कसा गेला? किती येतील?" हा प्रश्नही टाळता येतो. झालेला पेपर बदलत नाही, उद्याचा मात्र बिघडू शकतो. "चल, जेवून घे, थोडा पड, मग उद्याचं बघू" एवढं पुरेसं आहे. ट्यूशनमध्ये बसून लगेच गुण मोजत बसण्यानेही मुलाच्या हाती काही लागत नाही.

कमी पडलं तर?

हा विषय निकालाच्या दिवशी काढायचा नसतो. परीक्षेआधीच एकदा शांतपणे बोलून ठेवायचा असतो, कारण "नापास झालो तर सगळं संपलं" ही मुलाच्या मनातली समजूत बहुतेक वेळा माहितीच्या अभावी असते.

रस्ते बरेच आहेत. गोवा बोर्ड पुरवणी परीक्षा घेतं. महाराष्ट्रातही त्याच वर्षी पुरवणी परीक्षा होते आणि एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीने अकरावीत बसता येतं. कर्नाटकात 2024 पासून एसएसएलसीच्या वर्षाला एकाहून जास्त परीक्षा होतात आणि चांगले गुण धरले जातात. सीबीएसईने 2026 पासून दहावीला दोन संधी दिल्या आहेत. डिचोलीच्या आयटीआयत दरवर्षी मुलं शिकून हाताला काम मिळवतात. वायरमन, वेल्डरसारख्या काही ट्रेडना आठवी पासही चालतं. मयेच्या सरकारी पॉलिटेक्निकमधून दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. दोडामार्ग-सावंतवाडीच्या ज्या मुलांना गोव्यात हायर सेकंडरी करायची आहे, त्यांनी मायग्रेशनचे कागद आणि रहिवासाच्या अटी निकालाआधीच विचारून घ्याव्यात. पुढे प्रोफेशनल कोर्सच्या सीटला त्या आडव्या येतात.

सायन्स घ्यायलाच हवं, हा हट्टही इथेच तपासावा. सायन्स सोडल्याने मूल लहान होत नाही. न झेपणाऱ्या सायन्समध्ये दोन वर्षं घालवणं मात्र महाग पडतं.

धोक्याची खूण आणि मदतीचं दार

परीक्षेच्या काळात थोडी चिडचिड, पोटात गोळा, भूक कमी होणं हे चालतंच. पण मूल दोन-तीन आठवडे नीट झोपत नाही, मित्रांशी बोलणं तोडतं, आवडीच्या गोष्टी सोडून देतं, "माझा काय उपयोग" किंवा "मी नसलो तर बरं" असं बोलतं, स्वतःच्या वस्तू वाटून टाकतं, तर तो नाटकीपणा समजू नये. सरळ विचारावं : "तुला जगावंसं वाटत नाही असं होतं का?" असं विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात जात नाही. उलट, बोलायला जागा मिळते. मग त्याला एकटं न सोडता मदत घ्यावी.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवलं. सर्वाधिक 1,764 महाराष्ट्रातले होते. सगळ्यांमागे परीक्षा नव्हती आणि अशा घटनेमागे एकच कारण कधी नसतं. पण वेळेवर कोणी ऐकून घेतलं असतं तर यातली कित्येक मुलं वाचली असती.

केंद्राची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं. मुलांसाठी 1098 आहे. बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे, सिंधुदुर्गात जिल्हा रुग्णालय आहे. तिथे गेल्याने मुलावर शिक्का बसत नाही. ताप आला की आपण डॉक्टरकडे जातोच.

मात्र सगळं पालकांवर ढकलून चालणार नाही. विशाखापट्टणममधल्या एका नीटच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी देशभरासाठी 15 निर्देश दिले. 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं, गुणांवरून मुलांचे गट पाडू नयेत, चारचौघांत अपमान करू नये, पालकांसाठीही नियमित जागृती कार्यक्रम घ्यावेत, असं त्यात सांगितलं आहे. गोव्यात शिक्षण विकास महामंडळामार्फत शाळांना समुपदेशक देण्याची योजना आधीपासून आहे. कागदावर सोय आहे. ती आपल्या शाळेत किती पोचली, हे पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या सभेत विचारायला हवं : समुपदेशक कोण, आठवड्यातून किती दिवस येतात, मुलाला त्यांना एकट्याने भेटता येतं का, आणि निकालाच्या दिवशी शाळेत कोण असणार? चार प्रश्न आहेत, पाच मिनिटांत विचारून होतात. मुख्यमंत्र्यांच्याच मतदारसंघातल्या शाळांना याची उत्तरं देणं जड जाऊ नये.

निकालाच्या दिवशी घराने काय करायचं, तेही आधीच ठरवावं. मोबाईलवर निकाल बघताना आई किंवा बाबा, कोणीतरी एक जण घरी असावं. पहिला फोन काका-मामाला लावायच्या आधी मुलाशी बोलावं. गुण किती आले ते नातेवाईकांना कधी आणि किती सांगायचं, हे मुलाला ठरवू द्यावं. आणि त्या दिवशी घरात जे जेवण रोज होतं, तेच करावं. गुण चांगले आले तर गोड उद्याही करता येतं, आणि कमी आले तर त्या पानावर मूल नीट जेवलं, एवढंच त्या दिवसापुरतं पुरेसं असतं.